पीपीटी की फळा? वर्गात स्लाइड कधी, किती आणि कशी

कृष्णाकाठ

आठवी ते दहावीला भूगोल शिकवतो. गेल्या काही वर्षांत आमच्या भागातल्या बऱ्याच माध्यमिक शाळांत प्रोजेक्टर नाहीतर मोठा टीव्ही आला. कुठे लोकवर्गणीतून, कुठे माजी विद्यार्थ्यांनी दिला म्हणून, कुठे सरकारी योजनेतून. प्रशिक्षणंही झाली. त्यात नवीन फाइल कशी उघडायची, टेम्प्लेट कसं निवडायचं, अ‍ॅनिमेशन कसं लावायचं हे सगळं शिकवलं. तासाला ती स्लाइड कुठे थांबवायची आणि कुठे लावूच नये, यावर मात्र कुणी बोललं नाही. म्हणून हा धागा काढतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जे फळ्यावर चांगलं होतं त्याची स्लाइड करू नये. तासाचं टाचण काढतानाच प्रत्येक मुद्द्यापुढे लिहावं: फळा, पडदा की वही. पडद्याच्या वाट्याला फार थोडं येतं, आणि तेवढ्यासाठीच लॅपटॉप उघडावा.

पॉवरपॉइंट मुळात वर्गासाठी जन्मलेलंच नाही. १९८७ साली फोरथॉट नावाच्या लहानशा कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते मॅकिंटॉशसाठी तयार केलं, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. पहिली आवृत्ती कृष्णधवल होती. तिचा उपयोग म्हणजे बैठकीत ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शिका छापणं. वर मथळा आणि खाली मुद्द्यांची उतरंड हा साचा तिथून आलाय. बैठकीला बसलेल्यांना विषय आधीच ठाऊक असतो. नववीतलं पोरगं त्या विषयाला पहिल्यांदा भेटत असतं. त्याच्यापुढे सहा मुद्दे एकदम टाकले की ते उतरवून घ्यायला लागतं, आणि उतरवताना ऐकणं बंद होतं.

एक पाठ नीट सांगतो. पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा पट्टा. आमच्याकडे हा विषय हाताशीच आहे. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ६००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आलं की हजाराच्याही आत. दोन्ही गावांत रस्त्याने जेमतेम ३२ किलोमीटरचं अंतर. तयार पीपीटी बऱ्याच फिरतात, त्यात पहिल्याच स्लाइडवर व्याख्या असते. मी पहिली स्लाइड लावतो ती फक्त दोन फोटोंची: एकीकडे पावसाळ्यातला घाट, दुसरीकडे त्याच आठवड्यातलं वाईच्या पूर्वेचं माळरान. अक्षर एकही नाही. विचारतो, "हे दोन फोटो एकाच आठवड्यातले आहेत, तर फरक कशानं?" मुलं बोलतात. डोंगर, झाडी, समुद्र, जे सुचेल ते. मी सगळं फळ्यावर लिहितो, चूक-बरोबर काही म्हणत नाही.

मग पडदा काळा करतो आणि पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, पाचगणी, वाई असा आडवा छेद खडूने काढतो. मुलं वहीत माझ्याबरोबर काढतात. हे फळ्यावरच झालं पाहिजे. हात वर चढताना डोंगर चढतो, मुलांच्या पेन्सिली त्याच वेगाने चढतात. वारा वर ढकलला जातो, थंड होतो, ढग धरतात, हे बाण काढत काढत बोलायचं.

छेद पूर्ण झाला की परत पडदा, आता उपग्रहाचं चित्र. सह्याद्रीच्या पश्चिमेला गडद हिरवा पट्टा आणि पूर्वेला एकदम तपकिरी. हे खडूने होणार नाही, इथे प्रोजेक्टरची खरी गरज आहे. आपण वहीत काढलेली रेघ आकाशातून तशीच दिसते हे मुलांना कळतं तेव्हा वर्गात जो आवाज होतो, तो मला फार मोलाचा वाटतो. शेवटची स्लाइड एका प्रश्नाची: वाईच्याही पूर्वेला, माण तालुक्यात असलेल्या दहिवडीला पाऊस कमी का?

तीन स्लाइडांत तास झाला. तुमच्या विषयात ही वाटणी कशी करता ते लिहा.

(पडदा काळा करायला स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं बी दाबायचं. पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. लिबरऑफिसच्या इम्प्रेसमध्येही चालतं. वर्गातल्या वापरासाठी याच्याइतकं उपयोगी बटण दुसरं नाही.)

---

भूमितीप्रेमी

उत्तम धागा. गणितात तर मी पडद्याला आणखी कमी जागा देईन.

सिद्धता स्लाइडवर दाखवणं मला मान्यच नाही. पुढची पायरी का सुचली हे मुलाने माझ्या थांबण्यातून बघायचं असतं. मी खडू हातात घेऊन क्षणभर थांबते, "आता काय माहीत आहे आपल्याला?" विचारते, कधी मुद्दाम एखाद्या आडवाटेने जाऊन पुसते. स्लाइडवर सगळी वाट आधीच आखलेली असते, तिथे पुसायला काही उरत नाही.

दोन ठिकाणी मात्र पडदा हवाच. एक, शाब्दिक उदाहरणं. पाच ओळींचं उदाहरण फळ्यावर लिहिण्यात वेळ जातो, ते सरळ पडद्यावर टाकावं आणि रीत फळ्यावर करावी. दोन, जे हलतं ते. अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो हे जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये बिंदू वर्तुळावर फिरवून दाखवलं की पन्नास आकृत्यांचं काम एका हालचालीत होतं. बिंदू फिरतोय आणि कोन ९० वरून हलत नाही. मग मुलंच विचारतात, असं का? सिद्धतेची भूक तिथे लागते आणि मी फळ्याकडे वळते.

---

चिंचेचंझाड

मी शिक्षक नाही, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. बाकाच्या या बाजूने लिहिते.

आमच्याकडे काही तासांना सर स्लाइड जशीच्या तशी वाचतात. आम्ही मोबाइलवर फोटो काढतो आणि मनात म्हणतो, झालं, नंतर बघू. ते फोटो परीक्षेच्या आदल्या रात्रीच उघडतात, आणि तेव्हा त्या मुद्द्यांचा एकमेकांशी संबंध काय होता ते काही केल्या आठवत नाही. मुद्दे असतात, मधला धागा नसतो.

एक मॅडम वेगळं करतात. तासाच्या आधी एका पानाची झेरॉक्स देतात, त्यावर आकृत्या असतात पण नावं नसतात, आणि मधे मधे मोकळी जागा. स्लाइडवर तीच आकृती. त्या बोलतात तसं आम्ही भरतो. फोटो काढायची गरजच पडत नाही आणि ते पान मी आजही जपून ठेवलंय. शिक्षकांना कळकळीची विनंती, नोट्स आणि स्लाइड एकच फाइल असू देऊ नका.

---

परिचारिका_मास्तरीण

चिंचेचंझाड, तू म्हणतेस त्यावर बरंच संशोधन झालंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतले रिचर्ड मायर यांनी वर्षानुवर्षं यावर प्रयोग केले. चित्र आणि बोलणं एवढंच दिलं तर मुलं चांगलं शिकतात. त्याच बोलण्याचे शब्द पडद्यावरही टाकले तर शिकणं बहुतेक वेळा घटतं. डोळ्यांना चित्र बघायचं असतं आणि त्याच वेळी मजकूरही वाचायचा असतो, त्यात कानावर पडणाऱ्या शब्दांशी पडद्यावरचे शब्द ताडून बघण्याचं काम डोकं आपोआप करत बसतं. ऑस्ट्रेलियातल्या जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेला आकलनभाराचा विचारही याच दिशेचा. आपलं तात्पुरतं लक्षात ठेवायचं सामर्थ्य तोकडं आहे, ते नको त्या कामात खर्च होऊ देऊ नये.

पण याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो आपल्याकडे रोज लागू पडतो. शिकण्याची भाषा मुलांची स्वतःची नसेल किंवा शब्द नवे असतील तर पडद्यावरचा मजकूर मदत करतो. माझ्याकडे नर्सिंगला येणाऱ्या मुली मराठी माध्यमातून येतात आणि पहिल्याच महिन्यात शरीरशास्त्र इंग्रजीत सुरू होतं. मी शब्द नुसता उच्चारला तर त्यांना तो लिहिता येत नाही. म्हणून नवा शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरात, खाली मराठी प्रतिशब्द. पूर्ण वाक्य नाही.

हृदयाचं सांगते. तयार आकृत्यांत चार कप्पे, झडपा, धमन्या, शिरा सगळं नावांसकट एकदम येतं. मी ती आकृती सोलून घेते. आधी रिकामी बाह्यरेषा. मग उजवं अलिंद, तिथून उजवं निलय, मग फुप्फुसाकडे जाणारी धमनी, प्रत्येक भाग क्लिकवर आणि रक्ताच्या दिशेने. अ‍ॅनिमेशनमध्ये 'वाइप' घेते, कारण त्याला दिशा देता येते. बाण खरोखर रक्त जातं तिकडेच सरकतो. बाकी गिरक्या आणि उड्या यांना वर्गात काहीही स्थान नाही. फुप्फुसाकडून रक्त डाव्या बाजूला परत आलं की थांबते आणि विचारते, "डाव्या निलयाची भिंत जाड का?"

आणि एक बारीक गोष्ट. आकृतीत हृदयाची उजवी बाजू पडद्यावर आपल्या डावीकडे येते. दरवर्षी निम्म्या मुली इथेच अडखळतात. म्हणून पहिल्या रिकाम्या आकृतीतच मी समोर तोंड करून उभा असलेला माणूस काढते आणि एकीला माझ्यासमोर उभी करते. तिचा उजवा हात माझ्या कुठल्या हातासमोर येतो हे बघितलं की पुढचा सगळा गोंधळ टळतो.

---

शेवटचाबाक

विरोधी मत मांडतो, राग मानू नका.

डिप्लोमाला शिकवतो. वर्गात साठच्या वर मुलं, सेमिस्टर हातातून निसटतं, त्यात परीक्षा, प्रॅक्टिकल आणि कागदपत्रं. फळ्यावर सगळं काढत बसलो तर अभ्यासक्रम अर्धाच होईल. मुद्द्यांची पीपीटी असली की निदान सगळं डोळ्यांखालून जातं. शिवाय शिक्षक बदलला तरी फाइल राहते. नव्या शिक्षकाला आधार मिळतो. मुद्दे वाईटच असं सरसकट म्हणणं बरोबर नाही.

---

कृष्णाकाठ

शेवटचाबाक, वेळेची अडचण खरी आहे. पण "डोळ्यांखालून जातं" आणि "कळतं" यातला फरक मला फार मोठा वाटतो.

मुद्द्यांच्या उतरंडीचा धोका काय असतो याचं एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या काळजाला लागलेलं आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना कोसळलं, त्यात कल्पना चावला गेल्या. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी त्या धक्क्याचा अंदाज नासाला स्लाइडांवर दिला. एका स्लाइडचा मथळा वाचून प्रयोगांतून दिलासा मिळतोय असं वाटत होतं. तिच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरातल्या उपमुद्द्यात लिहिलं होतं की आदळलेला तुकडा सुमारे १९२० घनइंचांचा असावा आणि ज्या चाचण्यांवर भिस्त आहे त्यातला होता ३ घनइंचांचा. सहाशे पटींहून जास्त फरक, आणि तो उतरंडीच्या शेवटच्या पायरीवर. चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात या स्लाइडची चिरफाड केली आणि तांत्रिक अहवालाच्या जागी स्लाइड वापरण्याच्या सवयीवर बोट ठेवलं. अपघाताची कारणं अनेक होती. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मुद्द्यांच्या साच्यात कशी गाडली जाते हे त्या स्लाइडवर लख्ख दिसतं.

आपल्या स्लाइडवरही तेच होतं. 'कारणे' या मथळ्याखाली पाच मुद्दे एकाच मापाच्या अक्षरात, त्यातलं एक मूळ कारण आणि बाकीचे त्याचे परिणाम. मुलाला ते ओळखू येत नाही.

नव्या शिक्षकासाठी फाइल राहावी हे मात्र पटलं. त्यासाठी स्लाइडखालची नोट्सची जागा वापरा. जे बोलायचं ते तिथे सविस्तर लिहा. प्रेझेंटर व्ह्यूमध्ये ते फक्त तुम्हाला दिसतं.

---

वाडीवस्तीचीशाळा

जि. प. शाळा, दुसरी-तिसरी. इथली चर्चा वाचून बरं वाटलं, पण आमच्या अडचणी आणखी खालच्या पायरीवरच्या आहेत, त्या लिहितो.

पत्र्याचं छप्पर, खिडक्यांना पडदे नाहीत, भर दुपारचं ऊन. अशा खोलीत काळ्या पार्श्वभूमीची स्लाइड लावू नका. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, तो फक्त प्रकाश फेकतो. उजेडाच्या खोलीत त्याचा काळा म्हणजे भिंतीचा राखाडी, आणि त्यावरची निळी-लाल अक्षरं विरून जातात. पांढऱ्यावर काळं घ्या. पिवळं अक्षर पांढऱ्यावर कधीही नको.

अक्षराचं माप इंग्रजीवरून ठरवू नका. आपल्या लिपीत वर रफार आणि वेलांटी, खाली उकार, मधे जोडाक्षरं. इंग्रजीत २४ चालत असेल तर मराठीत मी ३२ च्या खाली जात नाही आणि दोन ओळींत अंतर वाढवतो, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो. स्लाइड लावा आणि शेवटच्या बाकावर जाऊन स्वतः बसा. मुलाच्या उंचीला वाकून बसा, तेव्हाच कळतं पुढच्या मुलाचं डोकं कुठवर येतं. स्लाइडचा खालचा भाग त्यामुळे मी मोकळाच ठेवतो.

वीज गेली तर? फळ्यावर काय करायचं ते टाचणात लिहिलेलं असतं. तास थांबत नाही.

---

सईची_आई

माझी मुलगी डोळ्यांनी अधू आहे, सातवीत, नेहमीच्या शाळेत जाते. या धाग्यावर एक गोष्ट कुणीतरी म्हणायला हवी होती म्हणून लिहितेय.

"इथे बघा, हे असं जातं आणि इकडे वळतं." हे वाक्य तिला काहीच सांगत नाही. "नदी पश्चिमेकडून निघून आग्नेयेला वळते" असं म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर नदी उभी राहते. स्लाइडवर बोट दाखवलं की त्याच्याबरोबर शब्दही हवेत. तिच्या भूगोलाच्या बाई आता प्रत्येक चित्राचं दोन वाक्यांत वर्णन करतात, आणि त्या म्हणतात की बाकीची मुलंही चित्र जास्त नीट बघायला लागली आहेत. फाइल आदल्या दिवशी मिळाली तर आम्ही घरी मोबाइलवर मोठी करून बघतो, त्याचाही फार उपयोग होतो.

लाल-हिरव्याचा फरक काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, दिसत नाही. नकाशात नुसत्या रंगाने भेद दाखवू नका, एका भागावर तिरक्या रेघा मारा नाहीतर सरळ नाव लिहा.

---

भूमितीप्रेमी

सईची आई, मनापासून आभार. "हा कोन आणि हा कोन" हे माझ्या तोंडी सतत असतं. उद्यापासून कोनांची नावं घेऊनच बोलणार.

कृष्णाकाठ सर, तुम्ही पहिल्या स्लाइडवर प्रश्न ठेवता तसं मी मधे ठेवते. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून जी पद्धत वापरत आले तिचंच साधं रूप. पडद्यावर एक प्रश्न, चार पर्याय. सगळ्यांनी आधी गप्प राहून उत्तर ठरवायचं आणि अ, ब, क, ड लिहिलेलं कार्ड एकदम वर करायचं. उत्तरं विखुरली असतील तर शेजाऱ्याला पटवायचं, मग परत कार्ड वर. मी दुसऱ्या मतदानापर्यंत काहीही सांगत नाही. पर्याय निवडताना मुलांच्या जुन्या वह्यांतल्या खऱ्या चुका घेते, म्हणजे (अ + ब)² चा विस्तार अ² + ब² हा पर्याय असतोच. तो निवडणारा एकटा नसतो, त्यामुळे लाज वाटत नाही आणि वाद छान रंगतो. यंत्र, ॲप काही लागत नाही, जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर कार्डं केली आहेत.

---

नवखा_गुरुजी

सगळं वाचतोय, खूप शिकायला मिळालं. एक अगदी प्राथमिक शंका. घरी केलेली पीपीटी शाळेच्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत सगळ्यांसमोर दाखवायची आहे, काय करू?

---

वाडीवस्तीचीशाळा

गुरुजी, तुम्ही श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं असणार. त्यात संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट फक्त चेहरा मराठी करतो. फॉन्ट नसला की खरा चेहरा उघडा पडतो. युनिकोडमध्ये टाइप करा. आताच्या विंडोजमध्ये निर्मला हा युनिकोड फॉन्ट असतोच. वर्गासाठी मला मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा 'मुक्त' आवडतो, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे आणि लांबून स्वच्छ वाचता येतो.

बाहेरचा फॉन्ट वापरलात तर सेव्हच्या पर्यायांत जाऊन फाइलमध्येच फॉन्ट बसवायची खूण करा. शिवाय एक पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. पीडीएफमध्ये अ‍ॅनिमेशन जाईल, पण परिषदेत अक्षरं तरी तीच दिसतील. जुना मजकूर पुन्हा टाइप करायला नको, ऑनलाइन रूपांतरक आहेत. मात्र रूपांतर झाल्यावर रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला, तिथेच घोळ होतो.

---

कृष्णाकाठ

नवखा गुरुजी, परिषदेत भारताचा नकाशा दाखवणार असाल तर एक सांभाळा. इंटरनेटवर शोधलेल्या बऱ्याच नकाशांत जम्मू-काश्मीर आणि अरुणाचलच्या सीमा आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे नसतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर बाह्यरेषेचे नकाशे फुकट मिळतात, तेच घ्या. नकाशा स्लाइडवर ताणताना कोपऱ्यातून ओढा. बाजूने ओढला की देश आडवा पसरतो आणि मुलं तोच आकार वहीत काढतात.

पर्जन्यछायेची फाइल दोघातिघांनी निरोपातून मागितली आहे. देतो, पण त्यातला छेद आंबेनळीचा आहे. नाशिककडच्यांनी कसारा, कोल्हापूरकरांनी गगनबावडा घ्यावा. फोटो आपल्याच तालुक्यातले लावा, मुलं ती जागा ओळखतात आणि तिथूनच बोलायला लागतात.